साळवे फिटरचा राग

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका डोहाळजेवणात, मठ्ठ्याचा दुसरा पेला हातात असताना, माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "यांची ती मोठी गाडी नव्हती का, भांडुपच्या कुठल्याशा माणसाने इंजिन बदलून तिची पार वाट लावली ती."

बोलत होता माझ्या मेहुण्याचा जावई. तो आमच्या घरात आला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणजे त्याला ती कुणीतरी सांगितली. म्हणजे ती अजून सांगितली जाते.

मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "वाट मी लावली होती. त्या माणसाने नाही."

सगळे हसले. बायकोच्या मावशीने तर मायेने माझ्या पाठीवर थाप मारली. स्वतःची टिंगल करून करून मी या घरात एक जागा मिळवलेली आहे, आणि तिची ही शिक्षा आहे: मी खरं बोललो तरी लोकांना तो विनोदच वाटतो. म्हणून हे लिहून काढतो आहे. त्या माणसाला साळवे म्हणत. माणूस नव्हे, फिटर. 'मिस्त्री' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मिस्त्री भिंत बांधतो. मी फिटर आहे," असं सांगून ते पुढच्याला ते पुन्हा म्हणायला लावायचे, शाळेतल्यासारखं.

साळव्यांचे वडील साताऱ्याकडून आलेले. ते स्वतः विक्रोळीच्या चाळीत वाढले, तिथल्याच एका कारखान्यात डिझेल इंजिनांवर वीस-बावीस वर्षं राबले, आणि मग भांडुपला चढावर एक गाळा घेऊन बसले. गाळा एवढासा की गाडी आत गेली की साळवे बाहेर. समोरच्या भिंतीवर एक फळी, तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली, आणि त्या त्या आकृतीवर तो तो पाना. वर बुद्धाची तसबीर. खाली भांडुपमधला सर्वांत रागीट माणूस. मी एकदा हे धीर करून बोललो, तर म्हणाले, "ते शांत आहेत म्हणून तर लावलंय. दोघांतला एक तरी पाहिजे ना."

त्यांच्या रागाची एक रीत होती. ओरडणं नाही. आधी हातातला पाना भिंतीवर त्याच्या आकृतीत अडकवायचा. मग चिंधी घेऊन एकेक बोट पुसायचं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. तोवर समोरच्याला पळायची संधी असायची. करंगळी झाली की तोंड उघडायचं, आणि आवाज नेहमीपेक्षा खाली आलेला असायचा.

दोन शब्दांवर त्यांचा खास राग. एक 'चालतंय' आणि दुसरा 'ॲडजस्ट'. "काय मालक, चालतंय आणि बरोबर आहे ह्या दोन गोष्टी आहेत. चालतंय तर घेऊन जा, माझ्याकडे कशाला आणली?" 'मालक' हा शब्द ते असा उच्चारायचे की गाडी आपली असल्याची लाज वाटावी.

मला तर ती वाटायलाच हवी होती. चाळिशी ओलांडल्यावर माणसं योगासनं करतात, मी जुनी पेट्रोलवरची एसयूव्ही घेतली. सात माणसांची. आमच्या घरात माणसं तीन. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत ती उभी राहिली की दुसऱ्या कुणाची स्कूटर निघायची नाही. आणि पेट्रोल अशी प्यायची की भाजी आणायला न्यावी तर भाजीपेक्षा पेट्रोलच जास्त आणावं लागे. त्या काळात डिझेल बरंच स्वस्त होतं. ऑफिसमधला एक जण म्हणाला, हिच्यात डिझेल इंजिन बसवून घे, साळव्यांकडे जा, पण शिव्या खायची तयारी ठेव.

पहिल्या दिवशी साळव्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "का घेतली?" त्यांनी विचारलं.

"आवडली म्हणून."

"मग आता का बदलायची?"

"परवडत नाही."

"हे आधी नाही कळलं?"

"नाही."

"शिकलेले आहात ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, शिक्षणाबद्दलचा त्यांचा जुना संशय पक्का झाल्यासारखी. मग अटी सांगितल्या. इंजिन याच कंपनीचं, याच मॉडेलचं, त्याच्या कागदांसकट. आरटीओची परवानगी हातात येईपर्यंत जुन्या इंजिनाच्या एका बोल्टलाही ते हात लावणार नाहीत. आणि ज्या दिवशी जुनं इंजिन निघेल त्या दिवशी मालक हजर पाहिजे.

"मी येऊन काय करू? मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच. पोट फाडताना घरचं माणूस पाहिजे."

परवानगीला दोन महिने लागले. एक एजंट गाळ्यावर आला होता, म्हणाला आधी इंजिन टाका, कागद मागाहून ॲडजस्ट करू. साळव्यांनी पाना अडकवला आणि बोटं पुसायला घेतली. एजंट मधल्या बोटापर्यंत थांबला, मग गेला.

इंजिन बदलणं म्हणजे जुनं काढून नवं ठेवणं, अशी माझी समजूत होती. साळव्यांनी ती दोन आठवडे चिडत चिडत मोडली. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या. टाकी उतरवून धुवायची. उरलेलं डिझेल परत टाकीत जायला वेगळी नळी टाकायची. टाकीचं तोंड मोठं करायचं. आणि ब्रेक. पेट्रोल इंजिन ब्रेकला जी ओढ आपोआप पुरवतं ती डिझेल इंजिन पुरवत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. हा पंप न बसवता दुसऱ्या कुणी तरी बदललेली एक जीप माझ्यासमोर त्यांच्याकडे आली होती. साळव्यांनी ती चढावर दहा पावलं चालवली, उतरले आणि किल्ली खिशात टाकली.

मालक म्हणाला, "अहो, पायाला जरा कडक लागतो ब्रेक, बाकी चालतंय."

"किल्ली मिळणार नाही."

"माझी गाडी आहे."

"रस्ता तुमचा नाही."

"मी पोलीस बोलावीन हां."

"बोलवा. मी ही उतारावरून आणून दाखवतो त्यांना. पुढे तुम्ही उभे राहा."

तो पुढे उभा राहिला नाही. पंप बसवून घेतला. माझ्यासमोर साळवे त्याला म्हणाले, "आता शिव्या द्या. आता ऐकतो." राग करण्यात आणि दुसऱ्याचा राग ऐकून घेण्यात ते दोन्हीकडून सारखेच तयार होते.

याच दिवसांत एकदा नंदूदादा माझ्याबरोबर गाळ्यावर आले. नंदूदादा म्हणजे माझ्या बायकोचा, अंजलीचा, मोठा भाऊ. भांडुपच्या एका शाळेच्या कार्यकारिणीवर होते, आणि त्या शाळेच्या मुलांना दोन-दोन फेऱ्यांत नेणाऱ्या तीन बसगाड्या साळव्यांकडेच दुरुस्तीला यायच्या, नऊ-दहा वर्षं. त्या गाड्या हा साळव्यांचा अभिमान होता. "तीनशे पोरं रोज माझ्या हातावर बसून जातात," असं ते एकदाच म्हणाले होते, आणि मग आपण काहीतरी गोड बोललो म्हणून स्वतःवरच चिडले होते.

साळव्यांनी चहा मागवला. नंदूदादा म्हणाले, "मला नको, ॲसिडिटी आहे." दहा मिनिटांनी ते 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आणि कटिंग चहा घेऊन उभे राहिले. गाळ्यातून टपरी सरळ दिसते. साळव्यांनी पाहिलं. मी पाहिलं. मी पाहिलं हे साळव्यांनी पाहिलं.

"यांना ॲसिडिटी माझ्याच गाळ्यात होते का?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. काय करणार, मला तेवढंच येतं. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. नंदूदादांना मी अहो-जाहो करतो ते नात्यापायी, साळव्यांना करायचो ते मनापासून. पण त्या दिवशी मनापासूनचं बाजूला राहिलं आणि नातं जिंकलं.

गाडी तयार झाली त्या दिवशी साळव्यांनी आपली शेवटची रीत पाळायला लावली. पहिली टाकी मालकाने त्यांच्या देखत भरायची आणि तोंडाने मागायची. मी म्हटलं, "साळवे, मला माहीत आहे हो की आता डिझेल भरायचं."

"डोक्याला माहीत आहे. सवय तोंडाला असते. तोंडाला शिकवा."

पंपावर ते शेजारी बसले. मी काच खाली करून "डिझेल, फुल" म्हणालो. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. पंपावरचा माणूस माझ्याकडे दयेने बघत होता. एवढ्यावर भागलं नाही. गाळ्यावर परत आल्यावर त्यांनी पिवळा रंग काढला आणि टाकीच्या झाकणावर, बाहेरच्या बाजूने, ब्रशने ठसठशीत लिहिलं: फक्त डिझेल. मागे लिंबू-मिरची लावली असती तर गाडीची ट्रकमध्ये बदली झाली असती.

दहा-बारा दिवस मी तो पिवळा रंग सोसला. मग सोसायटीत कुणीतरी विचारलं, "काय, माल भरता का आता?" त्या रविवारी मी अंजलीची नेलपॉलिश काढायची अख्खी बाटली संपवून ते झाकण स्वच्छ केलं. अंजली बाटलीवरून भांडली. झाकणावरून कुणी भांडलं नाही, आणि खरं तर तेच भांडण व्हायला हवं होतं.

नंतरच्या महिन्यात घाटकोपरला अंजलीच्या एका चुलतबहिणीचा साखरपुडा होता. नंदूदादा आणि वहिनी आमच्याच गाडीत. मांडीवर पेढ्यांचे पुडे, ओटीचं ताट, मागे जरीच्या साड्यांची सळसळ, आणि मी खुशीत. एवढी माणसं गाडीत पहिल्यांदाच बसली होती. मुलुंडच्या पंपावर शिरलो ते सवयीने पेट्रोलच्या रांगेत. काच खाली केली. तोंड म्हणालं, "पेट्रोल. फुल कर."

टाकीचं तोंड साळव्यांनी मोठं केलेलं. पेट्रोलची नळी आत सहज गेली. झाकणावर काही लिहिलेलं नव्हतं.

टाकीत तळाला डिझेल होतं, तेवढ्यावर आम्ही निघालो. हायवेला भांडुप गेलं आणि इंजिन टकटक करू लागलं, मग धूर, मग विक्रोळीच्या अलीकडे खारफुटीच्या बाजूला गाडी गप्प झाली ती झालीच. मी बॉनेट उघडून उभा राहिलो, जसं माझ्यासारखी माणसं राहतात, आतलं काही न कळता. आणि तिथे, धुराकडे बघताना, मला माझंच तोंड ऐकू आलं. पेट्रोल. फुल कर.

नंदूदादा खाली उतरले. सिल्कच्या कुर्त्यावर धूळ बसत होती. म्हणाले, "अंजू, मी तेव्हाच म्हटलं होतं. कंपनीचं सोडून त्या लोकांच्या हातात इंजिन द्यायचं म्हणजे..."

वाक्य तिथेच सोडलं. आमच्याकडे अशी वाक्यं पूर्ण करत नाहीत. पूर्ण केली तर आपण कोण आहोत ते आपल्यालाच ऐकू येईल.

"काय मकरंदराव? कामातच खोट होती ना?"

आणि मी म्हणालो, "हं."

एवढंच. एक अक्षर आणि एक टिंब.

गाडी ओढून साळव्यांकडे नेली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा डिझेलचा पंप उघडून फडक्यावर मांडलेला होता. आतलं चकचकीत लोखंड ओरबाडल्यासारखं. पेट्रोलला डिझेलचा चिकटपणा नसतो, त्यामुळे लोखंडावर लोखंड घासून पंप जळतो, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलेलं. त्यांनी पाना भिंतीवर अडकवला.

"काय भरलं होतं?"

"डिझेलच," मी म्हणालो.

ते बोटं पुसू लागले. अंगठा, तर्जनी, सगळी. करंगळी झाली. मी वाट बघत होतो. ते काहीच बोलले नाहीत. चिंधी टाकून दिली आणि पंपाकडे वळले. मला हायसं वाटलं. किती मूर्ख असावं माणसाने.

आठवड्याने नंदूदादा जेवायला आले आणि आमटी वाढून घेता घेता म्हणाले, "शाळेच्या गाड्या काढून घेतल्या त्या साळव्याकडून. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. मीटिंगमध्ये तुमचंच उदाहरण दिलं, मकरंदराव. म्हटलं, गाडीमालकाने स्वतः कबूल केलंय."

घास घशात अडकतो म्हणतात, माझा अडकला नाही, सरळ गेला. तेही मला अजून टोचतं.

ते गेल्यावर अंजली ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "तू पेट्रोल म्हणालास. मी ऐकलं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला वाटलं तुझी गाडी काय पिते ते तुला माहीत असेल." ती वळली. "आणि हायवेवर नाही बोलले, कारण तू नाही बोललास. दादासमोर तुझी शोभा नको म्हणून. लाज वाटते मला. आपल्या दोघांची. जा आणि सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला दांडी मारून गाळ्यावर गेलो. माझी गाडी आत, दुरुस्त होऊन उभी. बाहेर, जिथे शाळेची एक तरी गाडी नेहमी असायची, तिथे कुत्रं झोपलेलं. मी सगळं सांगितलं. रांग, तोंड, झाकण, नेलपॉलिशसुद्धा.

"माहीत आहे," साळवे म्हणाले. "टाकी उघडली तेव्हाच वास आला. पेट्रोलचा वास मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं ना मी. तुम्ही सांगितलं, डिझेल. मालकाला खोटारडा म्हणू? आणि कुणी ऐकलं असतं? तिकडे तुमचे मेहुणे सांगून बसलेत की मालकाने कबूल केलं."

"मी तसं काही बोललोच नाही हो."

"तेच तर म्हणतोय." आवाज आणखी खाली आला. "नऊ वर्षं. एक गाडी रस्त्यात बंद पडली नाही. एक पोरगं उशिरा पोचलं नाही माझ्यामुळे. तुमच्या न बोलण्याने गेलं ते. आता इथे येऊन मला काय सांगता? मला माहीतच आहे. जिथे गप्प बसलात तिथे बोला."

शनिवारी शाळेच्या कचेरीत जायचं ठरलं. साळवे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. हात कोपरापर्यंत घासलेले, तरी नखांत काळं होतंच. नंदूदादा खुर्चीत, लेखनिक बाई कॉम्प्युटरसमोर. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

नंदूदादा हसले. "हे फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं. बरं झालं, कळलं. पण साळवे, काम आता दुसऱ्याला दिलंय. पुढच्या वर्षी बघू."

"काम मागायला नाही आलो," साळवे म्हणाले. "कागद पाहिजे. माझ्या कामात दोष नव्हता, असा. शाळेच्या शिक्क्याचा."

"अहो, कागद कशाला? आपण ॲडजस्ट..."

पाना हातात नव्हता, चिंधी नव्हती. साळव्यांनी नुसतं बघितलं. नंदूदादांनी बाईंना खूण केली. पत्र छापून आलं. साळव्यांनी ते हात लांब करून वाचलं. "गैरसमजातून हा निर्णय झाला," त्यांनी मोठ्याने वाचलं. "गैरसमज कुणाचा?"

"ऑफिसची भाषा असते ती."

"मला भाषा नको. झालं ते लिहा. गैरसमज नव्हता. हे खोटं बोलले."

नंदूदादा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तुमच्याच भल्यासाठी तसं लिहिलं, मकरंदराव. तुमचं नाव कशाला त्यात? घरातली गोष्ट घरात राहील."

मला आयुष्यात फार वेळा राग आलेला नाही. माझा राग साधारण विनोदापर्यंत जातो आणि तिथे बसतो. त्या दिवशी तो बसला नाही. म्हणजे साळव्यांचं नाव तीनशे घरांत गेलेलं चालतं आणि माझं एका कागदावर येऊ नये. मी बाईंना म्हणालो, "घ्या लिहून." आणि सांगत गेलो. गाडीत पेट्रोल मी भरलं. साळवे यांनी विचारल्यावर मी खोटं सांगितलं. त्यांच्या कामात कोणताही दोष नव्हता. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बाई दोन बोटांनी टाइप करत होत्या. साळवे त्यांच्या मागे उभे राहून अक्षर उमटताना बघत होते.

मी सही केली. शिक्का पडला.

"आता यांची," साळवे म्हणाले.

"माझी कशाला?" नंदूदादा म्हणाले.

"गाड्या तुम्ही काढल्या."

नंदूदादांनी घड्याळ बघितलं, बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि सही केली.

साळव्यांनी एक प्रत स्वतःला घेतली आणि दुसरी बाईंकडून चार टाचण्या मागून घेऊन खाली गेटपाशी नेली. तिथे ड्रायव्हर लोकांचा फळा आहे. त्यांनी कागद धरला, चारही कोपरे अंगठ्याने दाबून बसवले, दोन पावलं मागे जाऊन सरळ लागलाय का ते पाहिलं.

मी शेजारी जाऊन म्हणालो, "साळवे."

"गाडी तयार आहे. उद्या घेऊन जा," ते म्हणाले. "परत आणू नका."

ते उताराला लागले. शाळा सुटायची वेळ होती, शाळेच्या गाड्यांचे ड्रायव्हर फळ्याशी जमले. त्यांतला एक जण कागद मोठ्याने वाचू लागला, अक्षर लावत लावत. पेट्रोल मी भरलं. उतारावर साळवे थांबले. वळले नाहीत. पाठमोरेच उभे राहिले, त्या माणसाने माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव शेवटपर्यंत वाचून संपवलं, तोवर. मग गेले.